हाउस ऑफ द डेड २, आयआर गन: खालच्या डाव्या कोपऱ्यातली उडी अखेर सापडली

हाउस ऑफ द डेड २ हा झोंबींवर नेम धरायचा गेम. आयआर (इन्फ्रारेड) गनच्या नळीतला कॅमेरा पडद्याभोवतीचे आयआर एलईडी बघून नेम ठरवतो. इथे दुसऱ्या गनचा नेम पडद्याच्या खालच्या डाव्या भागात गेला की कर्सर हातभर उडायचा. ती उडी आता पूर्ण बंद झाली आहे. बॉस मोडमध्ये जजमेंट या बॉस-जोडीतला छोटा उडणारा झील दोन्ही गननी, दोन्ही जागांवरून, पडद्याच्या कुठल्याही कोपऱ्यात टिपता येतो. या नोंदीचा बराचसा भाग त्या एका दोषावर जाणार आहे, कारण चार एलईडीच्या मांडणीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतोच. उपाय म्हणून सेन्सिटिव्हिटी (कॅमेरा किती मंद ठिपके पकडतो ते) वाढवा असं सर्रास सांगितलं जातं, आणि नेमकं त्यानेच तो बळावतो.

मांडणी मागच्या नोंदीतलीच. आरपी२०४० चिपच्या पिको बोर्डवर ओपनफायर हे गनचं फर्मवेअर, डीएफरोबोचा एसईएन०१५८ आयआर कॅमेरा, २४ इंची १६:९ मॉनिटर, खेळाडू १६० सेंमीवर. एलईडीचे चार गट चौकोनी मांडणीत: दोन पडद्याच्या वर, दोन खाली, मध्यरेषेपासून १८ सेंमी डावी-उजवीकडे. गेम ड्रीमकास्टचा, स्वतःच्या जीडी-रॉमवरून काढलेली इमेज, रेट्रोआर्च या एम्युलेटरमध्ये ड्रीमकास्टसाठीचा फ्लायकास्ट कोअर.

अंतराचा हिशोब आधी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॅमेऱ्याचा दृष्टिकोन आडवा ३३ अंश, उभा फक्त २३ अंश. लोक आडवं माप बघून निश्चिंत होतात, अडचण मात्र उभ्या मापात होते. २४ इंची पडद्याची उंची ३० सेंमी. खालचे एलईडी मध्यापासून १७ सेंमी खाली. नेम वरच्या कडेवर असताना खालचा गट नेमापासून ३२ सेंमीवर राहतो, आणि साडेअकरा अंशांच्या अर्ध्या दृष्टिकोनात तो बसवायला किमान १५७ सेंमी अंतर लागतं. म्हणून १६० सेंमी. ४३ इंची टीव्हीला हाच हिशोब लावला तर पावणेतीन मीटरच्या पुढे जावं लागतं. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा तेवढा मागे सरकत नाही, त्यामुळे मोठ्या टीव्हीवाल्यांनी वाइड लेन्स लावल्याशिवाय या भानगडीत पडू नये.

आता दोष. पहिली गन, म्हणजे डावीकडे उभा खेळाडू, सगळीकडे ठीक. दुसरी गन उजवीकडे, मध्यापासून ४५ सेंमी बाजूला. तिचा नेम वरच्या अर्ध्यात स्थिर, खालच्या अर्ध्यात थरथर, आणि डावीकडे खाली गेला की सरळ उडी. गनची अदलाबदल केली तरी दोष उजव्या जागेलाच चिकटलेला. म्हणजे कॅमेरा, सोल्डरिंग, फर्मवेअर सगळं निर्दोष. जे काही आहे ते प्रकाशात आहे.

ओपनफायर ॲपच्या टेस्ट मोडमध्ये चारही बिंदू थेट दिसतात. तिथे उजव्या जागेवरून बघितलं तर खालचा डावा बिंदू लुकलुकत होता. सेन्सिटिव्हिटी एक पायरी वर नेल्यावर लुकलुक थांबली, पण नेम खाली नेताच तो बिंदू एकदम दोनशेच्या आसपास एककं खाली जाऊन बसला (कॅमेऱ्याचा उभा पल्ला ० ते ७६७). या दोन लक्षणांमागे दोन वेगळी कारणं आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो.

पहिलं कारण: गटांचा उजेड सारखा नव्हता. नेटवरच्या बहुतेक आकृत्यांमध्ये ५ व्होल्टवर तीन एलईडी सिरीजमध्ये आणि २२ ओहमचा रेझिस्टर असतो, इथेही तेच होतं. टीएसएएल ६४०० (इथे वापरलेला आयआर एलईडी) चा १.३५ व्होल्ट हा डेटाशीटमधला आकडा १०० मिलिॲम्पिअरचा आहे. कमी करंटला तो खाली येतो आणि लॉटप्रमाणे बदलतो. मीटर लावून मिळालेले आकडे असे. साखळीतल्या पहिल्या गटावर ४.७६ व्होल्ट, प्रत्येक एलईडीवर १.२७. तिघांचे ३.८१ वजा जाता रेझिस्टरला ०.९५ व्होल्ट उरले, म्हणजे ४३ मिलिॲम्पिअर. साखळीतला शेवटचा गट खालचा डावा. तिथपर्यंत बारीक जंपर वायरी आणि त्यांचे पिन-जोड यांत ०.१२ व्होल्ट खर्ची पडून ४.६४ पोचले, आणि तिथले एलईडी दुसऱ्या लॉटचे, प्रत्येकी १.३६. उरले ०.५६ व्होल्ट, म्हणजे २५ मिलिॲम्पिअर. सप्लायमध्ये फरक अडीच टक्क्यांचा, पण करंट ४२ टक्क्यांनी कमी. तीन एलईडी सिरीजमध्ये लावले की रेझिस्टरला जेमतेम एक व्होल्ट उरतो, म्हणून कुठलाही किरकोळ फरक थेट उजेडात उतरतो.

त्यावर कोनाची भर. टीएसएएल ६४०० चा उजेड अक्षापासून २५ अंशांवर निम्मा होतो. उजव्या खेळाडूच्या गनपासून खालचा डावा गट आडवा बावीस अंशांच्या आसपास, वरून थोडा उभा कोन. दोन्ही मिळून जवळपास तेवढंच. कमी करंटमुळे उरलेल्या ५८ टक्क्यांचे निम्मे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उजेड. लुकलुकणार नाही तर काय होणार!

दुसरं कारण टेबलाचा चकचकीत सनमायका. खालचे एलईडी टेबलापासून ९ सेंमी वर आहेत, म्हणून त्यांचं प्रतिबिंब टेबलाच्या ९ सेंमी खाली, खऱ्या एलईडीपासून १८ सेंमी अंतरावर दिसतं. नेम पडद्याच्या मध्यावर किंवा वर असताना हे प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहतं. नेम खाली आला की ते चौकटीत शिरतं. वरच्या अर्ध्यात सगळं सुरळीत आणि खालीच गडबड, याचं हे कारण. कॅमेरा एका वेळी चारच बिंदू देतो. उजव्या खालच्या गटाचं तेजस्वी प्रतिबिंब आत आलं की अंधुक डाव्या गटाची जागा ते बळकावतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. एखादा बिंदू हरवला तर फर्मवेअर उरलेल्यांवरून त्याची जागा अंदाजाने बसवतं आणि नेम फारसा हलत नाही. खोटा बिंदू मात्र ते खरा मानतं, आणि त्या वाकड्या चौकोनावरून अख्खा पडदा मोजतं. खोटा बिंदू हा हरवलेल्या बिंदूपेक्षा कितीतरी घातक. म्हणून सेन्सिटिव्हिटी वाढवणं हा शेवटचा उपाय. आधी चारही गट सारखे उजळवा, मग सेन्सिटिव्हिटी शक्य तितकी खाली ठेवा.

दुरुस्ती अशी केली:

प्रत्येक गटात आता चार एलईडी, दोन-दोनच्या दोन सिरीज, प्रत्येक सिरीजला ४७ ओहम, पाव वॅट. पहिल्या गटात प्रत्येक सिरीजला ४७ मिलिॲम्पिअर, शेवटच्यात ४३. फरक दहा टक्क्यांच्या आत, आणि तोही एलईडीच्या लॉटमुळे उरलेला. रेझिस्टरवर ०.१ वॅट पडतो, तो कोमट राहतो. एकूण करंट ०.३६ ॲम्पिअर, मॉनिटरच्या यूएसबीवर न टाकता मोबाइलच्या साध्या ५ व्होल्ट चार्जरवर टाकला.

जंपर वायरी काढून १४/३६ ची वायर, सगळे जोड सोल्डर केलेले. साखळीतली घट आता दोन-तीन शतांश व्होल्ट.

चारपैकी दोन एलईडी सरळ, उरलेले दोन डावी-उजवीकडे वीसेक अंश वाकवलेले. पाय वाकवताना एलईडीच्या बुडाशी पक्कडने धरून वाकवा, नाहीतर आतली तार तुटते आणि एलईडी मेलेला आहे हे डोळ्यांना कळत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये तो जांभळट दिसतो.

प्रतिबिंबासाठी आधी ठरलं होतं टेबलावर मॅट कापड अंथरायचं. ते चालतं, पण कीबोर्ड सरकवताना रोज गोळा होतं. शिवाय काळं कापड आयआरला काळं असेलच असं नाही. बरेच सिंथेटिक काळे रंग या लहरी चक्क परत फेकतात. मापं लिहिताना सोपा मार्ग सुचला आणि कापड बाद झालं. गनकडे परावर्तित होणारा किरण एलईडीतून सुमारे १७ ते २१ अंश खाली उतरतो, थेट जाणारा किरण मात्र वर चढतो. मग एलईडीच्या खाली छज्जा काढला की काम झालं. एलईडीच्या मध्यापासून ८ मिमी खाली, ३ सेंमी पुढे आलेली पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर काळी इन्सुलेशन टेप. १५ अंशांपेक्षा जास्त उतरणारं सगळं तिथेच अडतं. छज्ज्याला काळं ॲक्रिलिक वापरू नका. रिमोटच्या काळ्या काचेसारखं त्यातलं पुष्कळसं आयआरला पारदर्शक असतं.

या दोन्हीनंतर सेन्सिटिव्हिटी सगळ्यात खालच्या पायरीवर आणली. टेस्ट मोडमध्ये चारही बिंदू खिळे ठोकल्यासारखे. मध्य आणि चारही कडांचं कॅलिब्रेशन नव्याने करायला हवं, कारण गटांचा प्रकाशमध्य वाकवलेल्या एलईडींमुळे किंचित सरकतो.

खोलीतले बाकीचे आयआर स्रोतही एकदा तपासून घ्या. खिडकीतलं ऊन सगळ्यांना माहीत असतं, पण मॉनिटरच्या बाजूलाच देवघर असेल तर समईची ज्योत हा कॅमेऱ्यासाठी पाचवा एलईडी आहे. फिलामेंटचा झिरोचा बल्बही तसाच. घरात नाइट व्हिजनचा कॅमेरा समोर असेल तर तोही. एलईडी ट्यूबचा त्रास नाही.

खरेदीबद्दल. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटे एलईडी घेत असाल तर एकाच पिशवीतले मागा, आणि लागतात त्यापेक्षा आठ-दहा जास्त घ्या. घरी ४७ ओहमवर एकेक लावून व्होल्टेज मोजा आणि जवळजवळच्या आकड्यांचे गट पाडा. ऑनलाइन ९४० नॅनोमीटर म्हणून ८५० चे माथी मारण्याचे प्रकार आहेत. ओळखायची खूण सोपी: अंधारात साध्या डोळ्यांना मंद लाल ठिपका दिसला तर तो ८५०. कॅमेऱ्याला दोन्ही दिसतात, पण समोर लाल ठिपके चमकत असताना झोंबींच्या अंधाऱ्या गल्लीत शिरण्यात मजा नाही. आणि दोन्ही जाती एकाच मांडणीत मिसळल्या तर उजेडाचा समतोल पुन्हा बिघडतो.

छोटा विजय रीलोडचा. ४:३ चित्राच्या दोन्ही बाजूंना मॉनिटरवर साडेसहा सेंमीच्या काळ्या पट्ट्या उरतात, आणि रेट्रोआर्च त्यांना पडद्याबाहेर धरतं. गन पार जमिनीकडे वळवायची गरज नाही. पट्टीत नेम, ट्रिगर, सहा गोळ्या भरल्या. चारही एलईडी कॅमेऱ्यात राहत असल्यामुळे परत येताना नेम शोधावा लागत नाही. हायरोफंट या बॉसची छाती उघडते त्या क्षणभरात हा वेग जाणवतो. मूळ आर्केडचा हात हवा असणाऱ्यांनी ओपनफायरमध्ये पडद्याबाहेरच्या ट्रिगरला वेगळं बटण लावून ते रीलोडला जोडावं. दोन गन असतील तर दोघींचे यूएसबी आयडी वेगळे ठेवा, नाहीतर सिस्टिम त्यांची अदलाबदल करते.

रिकॉइलचं, म्हणजे गोळी सुटताना गनला बसणाऱ्या धक्क्याचं, काम अर्ध्यावर आहे. ठोका द्यायला २४ व्होल्टचा सोलेनॉइड (विजेने सरकणारा दांडा), तो चालू-बंद करायला आयआरएलझेड४४एन मॉस्फेट, गेटला १० के चा पुलडाउन, कॉइलवर उलटा १एन४००७. बाजारात सर्रास मिळणारे आयआरएफ५२० चे मॉड्यूल यासाठी घेऊ नका. त्या मॉस्फेटला पूर्ण उघडायला गेटवर दहा व्होल्ट लागतात, पिको देतो ३.३. तो अर्धवट उघडतो, तापतो, आणि सोलेनॉइड ठोका देण्याऐवजी नुसता कुरकुरतो. कॅमेऱ्याच्या आय२सी (डेटाच्या) वायरी १५ सेंमीच्या आत आणि सोलेनॉइडच्या वायरींपासून लांब, नळीच्या दुसऱ्या बाजूने. ठोक्याबरोबर कर्सर गोठत असेल तर आधी ग्राउंड बघा: सोलेनॉइडचा परतीचा करंट कॅमेऱ्याच्या ग्राउंड वायरमधून जाता कामा नये, दोन्ही वायरी सप्लायपाशीच मिळाव्यात.

पुढचा बेत मात्र बदलतोय. ठरलं होतं की रिकॉइल संपवून दोन्ही गन बंद करायच्या. पण २००२ च्या तिसऱ्या भागाच्या आर्केडला पंप शॉटगन होती, आणि दुसऱ्या गनच्या नळीखाली जागा मोकळी आहे. सरकती मूठ, तिच्यात निओडिमियम चुंबक, नळीत एक रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा काचेतला स्विच), पिकोच्या रिकाम्या पिनला जोडून राइट क्लिक. तिसऱ्या भागाच्या पीसी आवृत्तीत तेवढ्याने पंप ओढून रीलोड व्हायला हवा. रीड स्विचची काच सोलेनॉइडच्या हादऱ्याने फुटू शकते, म्हणून चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर जास्त बरा वाटतोय. पण सोलेनॉइडचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र त्याला खोटा इशारा देईल का, हे आधी टेबलावर मांडून बघायला लागेल.

चौथ्या भागात, २००५ च्या लिंडबर्ग आर्केड बोर्डवाल्या, गन हलवून रीलोड होतो. त्यासाठी हालचाल ओळखणारा एमपीयू६०५० सेन्सर लागेल. त्याचा पत्ता ०x६८, कॅमेऱ्याचा ०x५८, म्हणजे एकाच बसवर टक्कर नाही. तरी तो पिकोच्या दुसऱ्या आय२सी वर ठेवणार, कॅमेऱ्याच्या वाचनात मध्येच कोणी नको. क्रम असा: आधी पंप, मग रिकॉइल, मग हा. हॉल सेन्सर आणि सोलेनॉइड जवळजवळ बसवून कोणी चालवले असतील तर दोघांमधलं अंतर किती ठेवलं ते नक्की कळवा, मूठ कापण्याआधी ते माप हवं आहे.