ड्युटी लावणाऱ्या मॅडम

रंगपंचमीच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आयसीयूच्या लिनन रूममध्ये मला एक मूल सापडलं. खरं तर आधी रंग सापडला. धुऊन, घड्या घालून आलेल्या हिरव्या चादरींच्या गठ्ठ्यावर चार गुलाबी बोटं उमटली होती. कुठल्या वॉर्डबॉय मामाने रंगाचे हात लावले म्हणून मी तणतणत गठ्ठा खाली ओढला. मागच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून, चार-साडेचार वर्षांचा मुलगा झोपला होता. तोंड धुतलेलं, पण कान अजून गुलाबी. बूट फळीच्या कडेला वर्तमानपत्रावर नीट जोडीने ठेवलेले.

शर्टाच्या खिशावर मायक्रोपोरची, म्हणजे दवाखान्यातल्या कागदी चिकटपट्टीची, पट्टी होती. त्यावर निळ्या पेनाने नाव, आईचा मोबाईल नंबर, तारीख, २.१० आणि खाली सही.

सलाईनची सुई लावली की तिच्यावर अशीच पट्टी चिकटवायची असते. कधी लावली, कोणी लावली, म्हणजे पुढच्या पाळीला कळतं. नवीन मुलगी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात मी हेच घोकून घेते. पट्टीवर वेळ नसेल तर सर्वांसमोर बोलते. या बाईने माझं शिकवणं इतकं मनावर घेतलं होतं की स्वतःच्या मुलालाही वेळ टाकून ठेवलं होतं.

मी नाशिकमधल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख, आहे. बाहेरच्यांना वाटतं, मेट्रन म्हणजे रुग्णसेवा. माझा निम्मा दिवस पेन्सिल आणि खोडरबर चालवण्यात जातो. सकाळ आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ, नाईट आठ ते आठ. महिन्याचा तक्ता लावायला बसले की घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. इव्हिनिंग करून घरी गेलेलीला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवायचं नाही, नाईटचा सेट संपला की दोन ऑफ, दोन नवख्या मुली एका नाईटला नाहीत, आणि ज्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत त्यांना एकमेकींना ओव्हर द्यायला, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवायला, लावायचं नाही, कारण मग पेशंटचं इन्सुलिन त्यांच्या अबोल्यात अडकतं.

हे सगळीकडेच असतं. नाशिकचं म्हणून जे आहे ते मला कोणी शिकवलं नाही. जुन्या नाशकातल्या सिस्टर धुळवडीला निवांत ड्युटी करतात, पण रंगपंचमीला त्यांच्या पाया पडलं तरी येत नाहीत. त्या दिवशी गल्लीत रहाड, म्हणजे रंग खेळायचा जुना हौद, उघडते, घरी पाहुणे असतात. निफाड-दिंडोरीच्या सुनांना फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची तोड असते, मजुरांचा स्वयंपाक असतो. कळवण-सुरगाण्याच्या मुली चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला सुट्टी मागतात. केरळच्या दोघी वर्षभर काही मागत नाहीत आणि नाताळला मात्र हटत नाहीत, ते बरोबरच आहे. हे सगळं डोक्यात ठेवून तक्ता बसला की मला खरोखर आनंद होतो. कोणी कौतुक करत नाही, म्हणून इथे स्वतःच करून घेतलं.

मग एक फोन येतो आणि तक्ता कोसळतो.

त्या दिवशी बारा वाजता आयसीयूच्या इव्हिनिंगच्या सिस्टरचा फोन आला, सकाळपासून उलट्या होताहेत, सलाईन लावून घेतेय. जुन्या नाशकातल्या चौघी सुट्टीवर. व्हेंटिलेटरवर दोन पेशंट. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात अतिदक्षता विभागाला एका पेशंटमागे एक नर्स आहे, शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी ३० टक्के माणसं जास्तीची. आमच्याकडे ते ३० टक्के म्हणजे माझा मोबाईल. सकाळपाळीला जी होती तिलाच मी बारा पन्नासला व्हॉट्सॲप केलं : ‘तुम्हाला इव्हिनिंग कंटिन्यू करावी लागेल.’ पुढे हात जोडलेले. तिचा अंगठा आला आणि मी जेवायला बसले.

तो अंगठा पाठवताना तिच्याकडे काय होतं, ते मला नंतर कळलं. पाळणाघरवाल्या ताईंनी रंगपंचमी म्हणून दोनला कुलूप लावायचं ठरवलेलं. नवरा अंबडच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला, घर म्हसरूळला, म्हणजे तोही घराबाहेर पडायच्या बेतात. सासू पेठ तालुक्यातल्या गावी. तिने आमच्या वॉर्डातल्या मावशींना सांगितलं, दोन मिनिटं बेडजवळ दुसऱ्या सिस्टरला उभं केलं, स्कूटी काढली, इंदिरानगरातून पोराला उचललं आणि परत आली. दोन दहाला पट्टी लिहिली. मावशींनी पोराला बिस्किटाचा पुडा दिला आणि सांगितलं, कोणी आलं की मांजरासारखं गप्प बसायचं.

मी पोराला उचललं तेव्हा ती आत पेशंटचं सक्शन करत होती, नळीने घशातला कफ ओढून काढत होती. काचेतून तिने मला पाहिलं. माझ्या कडेवर तिचा मुलगा. तिचे हात हलले नाहीत, ती नळी, कॅथेटर, अर्ध्यात होतं. पूर्ण केलं, मॉनिटरवर ऑक्सिजनचं सॅच्युरेशन वर येईपर्यंत थांबली, हातमोजे काढले, हात धुतले आणि मग दाराशी आली. मला अजून ठरवता येत नाही की त्या क्षणी मला तिचा राग आला होता की अभिमान वाटला होता.

“मॅडम, मी सांगणारच होते,” ती म्हणाली.

“जा आत,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, आत दोन व्हेंटिलेटर.

राग येण्याचं कारण होतं, ते कोणी नाकारू नये. आयसीयूच्या बाहेर काय काय जंतू फिरत असतात ते आम्हाला माहीत आहे. त्याच पॅसेजमधून मळकी चादर जाते. शेजारी ऑक्सिजनचे सिलिंडर उभे असतात. उद्या त्या पोराला काही झालं असतं तर आईचं प्रेम कोणी विचारलं नसतं. आणि स्वच्छ लिननवर रंगाचे हात म्हणजे तो अख्खा गठ्ठा परत लाँड्रीला.

मुलगा माझ्या केबिनमध्ये आठपर्यंत बसला. जागा झाल्यावर रडला नाही. टेबलावरचा तक्ता बघितला, बघून झाल्यावर माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्हीच का त्या ड्युटी लावणाऱ्या मॅडम?”

हो म्हटलं.

“मग आईची नका ना लावू.”

मी त्याला खोडरबर दिलं. त्याने एप्रिलच्या कोऱ्या तक्त्याचा कोपरा खोडून खोडून फाडला. छापील चौकटी खोडरबराने जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी ॲडमिन सरांपर्यंत बातमी गेली. सर वाईट माणूस नाहीत, दिवाळीला स्वतः वॉर्डावॉर्डात फराळ घेऊन येतात. पण त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. “मेमो द्या, नाहीतर उद्या सगळ्याच आणतील.” मी मेमो लिहिला. ‘अनधिकृत व्यक्तीस प्रतिबंधित क्षेत्रात’ वगैरे. चार वर्षांचं पोर अनधिकृत व्यक्ती. तिचं लेखी उत्तर दोन ओळींचं आलं : ‘दुपारी १२.५० ला ड्युटी बदलल्याचा मेसेज मिळाला. पाळणाघर २ वाजता बंद झाले.’ ना माफी, ना तक्रार. नर्सिंग नोट्स लिहितात तसं. मी ते सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “यात एक्सप्लनेशन कुठेय?” मला वाटलं, यात दुसरं काहीच नाही.

मग मी पाळणाघराचा विषय काढला. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हा दोन गोष्टी आल्या. प्रसूतीची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, ती सगळ्यांना माहीत आहे. दुसरी कोणी सांगत नाही : जिथे पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायला हवं. सर हसले. “मॅडम, आपण रोलवर अठ्ठेचाळीस.” बाकी सगळे ठेकेदाराचे. आकडा अठ्ठेचाळीसवर रोखून धरणं हीसुद्धा तक्ता लावण्याचीच कला आहे, फक्त ती माझ्याकडे नाही.

इतरांशी मिळून सामायिक पाळणाघर चालवायची सोय कायद्यात आहे, म्हणून मी जवळपासच्या दोन रुग्णालयांच्या मेट्रनना भेटले. दोघींनी चहा पाजला. एक म्हणाली, “आमच्याकडे बहुतेक मुली अविवाहित आहेत, आम्ही तशाच घेतो.” ती हे कौतुकाने सांगत होती.

मी एवढंच करू शकले : तक्ता आता पंचवीस तारखेला लागतो, बदल करायचा तर मेसेज नाही, फोन करायचा, आणि एक अदलाबदलीची वही ठेवली, जिच्यात दोघींच्या सह्या झाल्या की मला न विचारता ड्युटी बदलते. त्या वहीने पहिल्याच महिन्यात माझं डोकं हलकं केलं. लहान मुलांच्या आयांना शक्यतो सकाळ द्यायला लागले. त्यावर एक दिवस आमची लग्न न झालेली सिस्टर केबिनमध्ये आली, दार लावून घेतलं. सहा महिन्यांत तिला सगळ्यांहून जास्त नाईट लागल्या होत्या. तिने मोजून आणल्या होत्या. तिच्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. “मॅडम, त्यांना पोरं आहेत म्हणून सकाळ. माझा बाप घरी एकटा पडून असतो, तो कोणाला दिसत नाही.” तिचं बरोबर होतं. मी त्या रात्री पुन्हा खोडरबर काढलं.

तिकडे सिंहस्थ येऊ घातलाय, २०२७ चा. रजा बंद करण्याचे आदेश निघतील आणि ते माझ्या सहीने लागतील. २००३ च्या सिंहस्थात मी ज्युनिअर होते, माझी मुलगी आठ महिन्यांची होती. तेव्हा प्रसूतीची रजा तीन महिन्यांची, ती केव्हाच संपलेली. २७ ऑगस्टला शाहीस्नानाच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, तीसहून जास्त भाविक गेले, आणि शहरातल्या आम्हा सगळ्यांना थांबवून घेतलं. दुधाने ओला झालेला युनिफॉर्म लपवायला मी दिवसभर छातीशी केसपेपरची फाइल धरून फिरले. संध्याकाळी आमच्या तेव्हाच्या मेट्रनकडे गेले, म्हटलं, अर्धा तास घरी जाऊन येते, पंचवटीतच आहे. त्यांनी वर न बघता सांगितलं, “सगळ्यांनाच मुलं आहेत.” ते मी त्यांना कधी माफ केलं नाही. त्या वारल्या तेव्हा अंत्यदर्शनाला गेले आणि तिथेही मला तेच आठवलं.

लिनन रूमच्या प्रकरणाला दोन महिने झाले असतील. ती सिस्टर नाईट संपवून सही करायला आली होती. मी तिला चहा दिला आणि इतके दिवस अडकलेलं विचारून टाकलं. “मला एक फोन का नाही केलास? बारा पन्नासला मेसेज मिळाला, दोनपर्यंत वेळ होता. मी काहीतरी केलं असतं.”

ती चहाच्या कपाकडे बघत होती. रात्रभर जागलेल्या माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येतो.

“केला होता मॅडम. त्या दिवशी नाही, दिवाळीत. त्याला ताप होता तेव्हा.”

“मग?”

“तुम्ही म्हणालात, सगळ्यांनाच मुलं आहेत.”

मला आठवत नाही. दिवाळीचे तक्ते काढून बघितले, फोनमधले मेसेज बघितले. त्या आठवड्यात तिची इव्हिनिंग होती आणि तिने ती पूर्ण केलेली दिसते. ती खोटं बोलणारी नाही. तिच्या पट्टीवर वेळसुद्धा खरी असते.