गच्चीवर खडूने काढलेली होडी

आईची अट एकच होती. कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज कळली पाहिजे, मग आपण कॅनडात असू नाहीतर कुठंही.

माझं माहेर प्रयाग चिखलीचं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती जिथं एकत्र येतात आणि पुढं पंचगंगा होतात, ते आमचं गाव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा आईला बोटीतून बाहेर काढावं लागलं होतं. बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोक्याची. त्यावरून बाकीचं समजून घ्या. निघायच्या आधी आईनं गोठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिन्ही म्हशींची दावी सोडली. पाणी ओसरल्यावर दोन परत आल्या. बोटीत माणसं इतकी होती, की पाणी काठाला लागत होतं. आठ तारखेला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली ती बातमी तिनं माझ्या घरी बसून टीव्हीवर पाहिली. तेव्हापासून होडीचं नाव काढलं, की तिचा चेहरा बदलायचा.

गंमत नाही, पण आई उत्तम पोहते. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून नदीत पोहायला शिकलेली बाई आहे ती. तिला भीती पाण्याची नाही, होडीची आहे. हे कळायला मला बरेच दिवस लागले.

दादा टोरांटोजवळ राहतो. २०२३ च्या जानेवारीत त्यानं फोनवर सांगितलं, की यंदा आईला आणि पोरांना घेऊन ये, अल्गॉनक्विनला जाऊ, होडीतून तलावात जायचं आणि काठावर तंबू टाकून दोन रात्री राहायचं. अल्गॉनक्विन हा ओंटारियो प्रांतातला राखीव जंगलाचा भाग. १८९३ साली स्थापन झालेला, साधारण ७,६०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढा. आत शेकडो तलाव आहेत. बऱ्याच तलावांवर गाडी जातच नाही, होडीनंच जायचं. होडीही साधी नाही. कनू म्हणतात तिला. अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्यानं चालवायची. एक तलाव संपला, की ती डोक्यावर पालथी घेऊन जंगलातल्या पायवाटेनं पुढच्या तलावापर्यंत चालत जायचं. त्याला पोर्टेज म्हणतात.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही जावा. मी काठावर बसतो. एकदा बसलो होडीत ते बास." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात. काठावर बसायला तिथं काठ वेगळा नव्हताच, हे मी लगेच सांगितलं नाही.

तारीख ठरवण्यात फेब्रुवारी गेला. शाळेला सुट्टी मे महिन्यात, पण तेव्हा तिथलं पाणी बर्फ वितळून नुकतंच मोकळं झालेलं असतं, आणि मेच्या मध्यापासून जून संपेपर्यंत काळ्या माश्या माणसाला उभं राहू देत नाहीत. दिवाळीत कडाक्याची थंडी. म्हणजे उरला ऑगस्ट. तोच आमचा पुराचा महिना. दादानं ३० ऑगस्ट सुचवला, त्या दिवशी राखीपौर्णिमा होती. मुलांच्या शाळेत रजेचा अर्ज दिला, तो मंजूर व्हायला दोन चकरा पडल्या. नवऱ्याला रजा मिळणार नव्हती, म्हणून तो घरी थांबणार असं ठरलं. व्हिसाचे कागद, पुण्याला जाऊन बोटांचे ठसे, हे सगळं रीतसर झालं, त्यावर जास्त लिहीत नाही.

जागेचं आरक्षण पाच महिने आधी सुरू होतं. तंबूची ठरावीक जागा मिळत नाही. कोणत्या रात्री कोणत्या तलावावर राहणार ते नोंदवायचं, आणि तिथं पोचल्यावर जी मोकळी जागा असेल ती घ्यायची. दादाची पहिली निवड बर्न्ट आयलंड लेक होती. नकाशा पाहिला तर वाटेत होडी उचलून न्यायचे एकामागून एक टप्पे. मी त्याला विचारलं, "आई आणि नऊ वर्षांची पोर यातल्या किती वाटा चालतील? आणि परत येताना?" तो गप्प बसला. आम्ही बर्न्ट आयलंड सोडला आणि ‘जो लेक’ नावाचा तलाव घेतला. कनू लेक या तलावावरून निघायचं, धरणाच्या बाजूनं २९५ मीटरचं एकच पोर्टेज, की जो लेक. दादाला ते फार जवळ वाटत होतं. मला बरोबर वाटत होतं, आणि आजही वाटतं. मोठ्या माणसांच्या हौसेनं लांबचा तलाव निवडायचा आणि लहान पोराला तिसऱ्या टप्प्यावर रडवायचं, यात काय मिळतं?

वजनाचा प्रश्न मात्र खरा होता. २९५ मीटर ऐकायला काहीच नाही. पण कनूचंच वजन वीसेक किलो, तेही हलकी असेल तर. वर तंबू, अंथरुण, भांडी, चार वेळचं जेवण. माणसं सहा: दादा, वहिनी, मी, आई, मुलगा आणि मुलगी. कनू दोन. दादा म्हणाला, सामान इथं आल्यावर बघू. मला ते पटेना. पन्हाळा ते पावनखिंड मी दोनदा चाललेली आहे, आणि दोन्ही वेळा वाटेत लोकांनी सामान काढून टाकलेलं पाहिलं आहे. जे न्यायचं ते घरीच उचलून बघायचं, हे मी तिथं शिकले.

एका रविवारी मी गच्चीवर गेले आणि खडूनं होडी काढली. दादानं सांगितलेल्या मापाची: १७ फूट लांब, मधे तीन फूट रुंद, दोन्ही टोकं निमुळती. शेजारी दुसरी. मग पोरांना हाक मारली, सामान आणलं, आणि खडूच्या रेघेच्या आत सगळं मांडायला लागलो. पुढं मुलगा, मागं दादाच्या जागी एक खुर्ची, मधे आई बसणार ती मोकळी जागा. सामानाच्या पिशव्या रेघेबाहेर जायला लागल्या.

आई कठड्याला टेकून बघत होती. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "मागं लई झालं. उलाळ होईल."

उलाळ हा बैलगाडीचा शब्द. ऊस भरताना मागं जास्त भरला, की धुरा वर उचलते, बैलांच्या मानेवरनं जू सुटायला बघतं. पुढं जास्त झाला, तर सगळा भार बैलांच्या मानेवर. आईनं तरुणपणी उसाच्या गाड्या भरलेल्या आहेत. ती खाली वाकली आणि पिशव्या स्वतः हलवायला लागली. जड पिशवी मधे, अगदी बुडाला. तंबू त्याच्यापुढं. उंच काही नको, "उंच झालं की हलतं." दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, अगदी असंच भरतात, वजन खाली आणि मधे. आईनं त्याला सांगितलं, "मग मी त्या पिशवीच्या म्होरं बसतो. तिथनं मला दोन्हीकडं बघता येतंय."

मी बसतो, असं ती म्हणाली. मी मान खाली घालून पिशवीचा बंद बांधत राहिले.

त्यानंतर जुलैपर्यंत ते चित्र गच्चीवर होतं, पावसानं पुसलं की मुलगी पुन्हा काढायची. दादानं सांगितल्याप्रमाणे चढायचा सराव त्याच्यातच केला: वाकून, दोन्ही काठांना हात धरून, पाय बरोबर मधोमध, आणि उभं कधीच राहायचं नाही. आई रोज संध्याकाळी एकदा त्या रेघेत पाय टाकायची. २०१९ च्या बोटीत तिला कुणी विचारलं नव्हतं कुठं बसू म्हणून. तेव्हा विचारायला वेळही नव्हता.

मुलगा आणि मी दर रविवारी पाठीवर दहा-दहा किलो घेऊन रंकाळा तलावाला वेढा घालायचो.

जेवणाचं आईनं हातात घेतलं. नियम असा, की आत डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी. म्हणून लोणच्याची बरणी बाद. मेच्या उन्हात तिनं कांदा सुकवला. मूगडाळ भाजून भरड केली. दुपारी पिठलं-भात, रात्री खिचडी, सकाळी धपाट्याच्या पिठाची धिरडी, मधे खायला भडंग आणि शेंगदाण्याची चटणी. प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी, वर दिवस आणि वेळ लिहिलेली. तिला लोखंडी तवा न्यायचा होता. ताणकाट्याला लावला तर दीड किलो. मुलानं विचारलं, "आज्जी, हा जंगलातून कोण उचलणार?" तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तवा परत मांडणीवर ठेवला. दादाच्या घरचा पातळ तवा नेला. धिरडी थोडी करपली, एवढंच.

कांदा-लसूण मसाल्याची अडचण वेगळी. अल्गॉनक्विनमध्ये काळी अस्वलं आहेत आणि अस्वलाचं नाक फार तिखट. खाण्याचं काहीही तंबूत ठेवायचं नाही, टूथपेस्टसुद्धा. सगळं घट्ट झाकणाच्या एका निळ्या पिंपात भरायचं आणि रात्री ते तंबूपासून लांब, दोरीनं झाडाला उंच टांगायचं, खोडापासूनही दूर, म्हणजे अस्वल चढून गेलं तरी हात पोचत नाही. आईनं मसाला तीन पिशव्यांत बांधला आणि मुलीला बजावलं, की तंबूत एक शेंगदाणासुद्धा न्यायचा नाही.

सुरक्षेच्या वस्तू दादानं तिकडं जमवल्या. त्या कायद्यानंच लागतात: प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, तरंगणारी १५ मीटर दोरी, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी. लहान मुलांचं जॅकेट वजनावर असतं, म्हणून मुलीचं वजन मी दोनदा करून कळवलं. जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघायचं, कानापर्यंत सरकलं तर ते मापाचं नाही.

एक गोष्ट आम्ही आईला सांगायची नाही असं ठरवलं होतं. टॉम थॉमसन नावाचा मोठा चित्रकार १९१७ च्या जुलैमध्ये याच कनू लेकवर होडी घेऊन गेला, त्याची पालथी होडी सापडली आणि आठ दिवसांनी त्याचा देह. मला ते लपवणं टोचायला लागलं. आई आमच्यावर विश्वास टाकून बसणार होती. एका रात्री भाकरी थापता थापता सांगून टाकलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि विचारलं, "एकटाच होता काय?"

"हो."

"मग आपण सहा जण हाय."

राहिली तिची अट. तलावावर मोबाइलला रेंज नसते. दादानं उपग्रहावरून छोटे संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानं घेतलं. त्याच्यावर संकटाचं बटण असतं, ते हवंच होतं. आणि त्यावर संदेश येतोही. ठरलं असं, की तिथं रात्री आठ म्हणजे इथं पहाटे साडेपाच. तेव्हा नवऱ्यानं बंधाऱ्याचा आकडा पाठवायचा. आईनं त्यात भर घातली: म्हशींचंही कळवायचं. दोन म्हशी धाकट्या चुलत्यांकडं, उंचावर, जुलैअखेरीस नदी पात्राबाहेर पडली तेव्हाच हलवलेल्या. ऑगस्टमध्ये पाऊसच गायब झाला. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला तो. तरी आईनं अट सोडली नाही आणि मीही तिला सोड म्हटलं नाही.

२९ ऑगस्टला सकाळी सातलाच कनू लेकवर पोचलो, कारण दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. दादानं होडी काठाला लावून गुडघ्यांत धरली. आई वाकली, दोन्ही काठ धरले, पाय मधोमध टाकला. गच्चीवर टाकायची तसाच. होडी हलली. तिची बोटं काठावर पांढरी पडली होती. मी दुसऱ्या होडीतून बघत होते, वहिनी मागं वल्हं घेऊन आणि मुलगी आमच्या मधे. काठाकाठानंच गेलो, सरळ मधून नाही. तासाभरानं पाहिलं तर आईचा एक हात पाण्यात होता.

पोर्टेजला तीन फेऱ्या केल्या. आईनं निळ्या पिंपाला एका बाजूनं हात लावला, नको म्हटलं तरी. जो लेकवर खडकाळ टोकावरची जागा मोकळी मिळाली.

दुसऱ्या दिवशी राखी बांधली, संध्याकाळी पौर्णिमेचा चंद्र झाडांवरनं वर आला. आई पातेलं घेऊन पाण्यापासून लांब, झाडाखाली घासत होती, कारण भांडी तलावात धुवायची नसतात. यंत्र वाजलं. तिनं घासायचं थांबवलं.

"वाच."

मी वाचलं. आकडा इशारा पातळीच्या कितीतरी खाली होता. पुढं लिहिलं होतं, म्हशी गोठ्यात.

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिनं पातेल्यावर पाणी ओतलं आणि मुलीला सांगितलं, सकाळच्या धिरड्यांचं पीठ पिंपातनं आत्ताच काढू नकोस, उद्या उजाडल्यावर काढ.