कट्ट्यावरून उठताना हात टेकायचा नाही

दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काकू, व्यायाम काय करता?" मी म्हटलं, रोज शिवाजी पार्कला एक फेरी. सव्वा किलोमीटरच्या आसपास होते ती. ते म्हणाले, "छान. आता एका पायावर उभ्या राहा बघू." टेबल न धरता मला दोन आकडेही मोजता आले नाहीत.

चालण्याने दम टिकतो, पण तोल सांभाळायला वेगळी सवय लागते, हे मला ७० व्या वर्षी कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगून ठेवलंय: ६५ च्या पुढे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल नि ताकद वाढवणारे प्रकार. पहिलं सगळ्यांना पाठ असतं. दुसरं मला कुणी सांगितलंच नव्हतं, याची खंत वाटते.

आता सकाळी साडेसहाला आम्ही चौदा जणी जमतो. सगळ्यांत थोरल्या आजी ८३ वर्षांच्या. निवृत्त पी.टी.च्या बाई आकडे म्हणतात, आम्ही त्यांच्या मागून. कट्ट्यावर बसायचं, हातांची घडी छातीशी, आणि कुठेही न टेकता उठायचं. दहा वेळा. सातव्या वेळेला मांड्या थरथरायला लागतात. वयाबरोबर पायांतली ताकद झपाट्याने उतरते, आणि ती गेली की कमोडवरून उठायलाही माणूस लागतं. मग एका पायावर उभं राहणं, शेजारणीच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून. पहिल्या दिवशी मी आजींचा खांदा पार आवळून धरला होता. त्या हलल्या नाहीत.

हे घरी फरशीवरही करता येतं. पण इथे पायाखाली माती, झाडांची मुळं, मध्येच कुठून तरी आलेला चेंडू. पावलाला सारखं जागं राहावं लागतं. (कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळतं म्हणतात, पण त्यासाठी ऊन बरंच वर यावं लागतं. ती गोळी मी डॉक्टरांना विचारून घेते.)

आणि मी एकटी राहते. एकटीने चालायची तेव्हा पाऊस, जागरण, कुठलंही कारण पुरायचं. आता दांडी मारली की सव्वासातला फोन वाजतो, "अगं, बरी आहेस ना?" फेब्रुवारीत ताप होता, तर दोघी थेट पेज घेऊन दारात.

आज डाव्या पायावर २० आकडे झाले, उजव्यावर १४. उजवा मागे का राहतो, ते उद्या बाईंना विचारायचंय.