ड्रेसिंग, न चाखता

ऑक्टोबर संपता संपता सासूबाईंचा फोन येतो. त्यांच्यासमोर वही असते आणि त्या वहीत थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोण काय आणणार ते आधीच लिहिलेलं असतं. विचारायची पद्धत नाही, सांगायची आहे. २०१४ साली लग्न होऊन मी दक्षिण अलाबामातल्या, डोथनजवळच्या या कुटुंबात आले तेव्हा माझ्या नावापुढे होतं : बर्फ, दोन पिशव्या.

मी मिरजेची. पंचवीस माणसांच्या पुरणपोळ्या एकटीने लाटलेली बाई. बर्फ? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, माझ्या धाकट्या काकूला तीन वर्षं कागदी ताटल्या आणायला लावल्या होत्या. तुझं बरं चाललंय."

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी (अमेरिकेत १९४१च्या कायद्याने हाच दिवस पक्का झाला) आजेसासूबाईंच्या घरी त्रेचाळीस माणसं जमली. त्यांना सगळे मॉमॉ म्हणतात. माझा नवरा अडतीस वर्षांचा, पण आईला उत्तर देताना 'येस मॅम'च म्हणणार. अंगणात सासरे आणि दोघे काका शेंगदाणा तेलात अख्खी टर्की तळत उभे होते. हा सगळा मुलूख भुईमुगाचा. रस्त्याकडेला इथे उकडलेल्या शेंगा विकायला असतात, आणि त्या पाहूनच मला पहिल्यांदा वाटलं होतं की इथे आपलं निभेल.

जेवताना मात्र निभेना. मी अंडी खाते, मांस खात नाही. टेबलावर सात भाज्या होत्या. घेवड्याच्या शेंगा घेणार तोच विचारलं, "यात मांस नाही ना?" काकू म्हणाली, "नाही हनी, फक्त हॅम आहे, चवीपुरता." कोलार्डच्या पाल्यात डुकराचं हाडूक. भाज्यांच्या रांगेत मॅकरोनी आणि चीज, कारण इथे तीही भाजीच! रताळ्यांवर मार्शमेलो वितळलेले, आणि मार्शमेलोत जिलेटिन. नशिबाने रताळ्यांवरून घरात दोन तट आहेत आणि दुसरा तट वर पेकानचा, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा, चुरा घालतो. मी त्या तटात गेले, अजून तिथेच आहे.

या सगळ्यात ज्याच्यावरून खरी माणसं जोखली जातात तो पदार्थ म्हणजे ड्रेसिंग. मक्याच्या पावाचा चुरा, कांदा, सेलरी, अंडी आणि कोंबडीची अळणी (ती शिजवल्याचं पाणी), हे कालवून मोठ्या ट्रेमध्ये भाजायचं. उत्तरेकडे असंच काहीसं पक्ष्याच्या पोटात भरतात. इथे तसं म्हटलंत तर लोक दयेने बघतात. आमच्याकडे ते मोठी आत्या करायची. मी बर्फावरून बनपावावर, बनपावावरून रताळ्यांवर अशी हळूहळू चढत होते. २०१९ला आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सासूबाईंनी फोनवर थोडं थांबून सांगितलं, "ड्रेसिंग तू कर."

जे आपण खातच नाही ते त्रेचाळीस जणांसाठी करायचं, आणि मीठ लागलंय की नाही तेही कळणार नाही!

पहिल्या वर्षी मी गाढवपणा केला. मक्याचा पाव करायला दुकानातलं तयार पीठ आणलं. त्यात साखर होती. इथल्या जुन्या बायकांच्या मते साखर घातली की तो पाव राहत नाही, केक होतो. अळणी घालताना हात आखडला. सेज नावाचा सुका पाला मात्र सढळ हाताने टाकला. त्याचा वास ओव्याच्या पानात कापूर चुरडावा तसा, आणि जास्त झाला की कडवट. ट्रेमधून जे निघालं ते गोड, कोरडं आणि औषधी होतं. कुणीही नाव ठेवलं नाही. एका काकांनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "वेल, इट्स डिफरंट." काकू म्हणाली, "ब्लेस युवर हार्ट." तोवर मला पाच वर्षं झाली होती, दोन्हींचा अर्थ 'फसलं बिचारीचं' असाच, हे समजत होतं. सगळ्यांनी त्यावर ग्रेव्ही ओतली, इतकी की ट्रे होता तसाच राहिला आणि ग्रेव्ही संपली.

दुसऱ्या दिवशी मॉमॉने मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या, उभं राहवत नसे. खुर्चीवर बसून सांगायच्या, मी करायचं. बिडाचा तवा त्यांच्या सासूचा, काळा कुळकुळीत. तो साबणाने घासायचा नाही, हे सांगावं लागलं नाही. आमच्या घावनांच्या तव्याचाही तोच नियम. तवा ओव्हनमध्ये तापवायचा, त्यात बेकनची चरबी. (हात लावायला माझी हरकत नव्हती, खायचं नव्हतं इतकंच.) पांढऱ्या मक्याचं पीठ, अंडं आणि बटरमिल्क. हे बटरमिल्क आपल्या ताकासारखं पातळ नसतं, घुसळलेल्या दह्याइतकं दाट असतं. पीठ ओतल्यावर चर्र झालं नाही तर तवा तापला नाही म्हणून परत ठेवायचा. पाव आदल्या दिवशी करून उघडा ठेवायचा, सुकू द्यायचा.

मापं विचारली तर म्हणाल्या, "पुरेसं." मग म्हटलं, मी चाखू शकत नाही, कळणार कसं? त्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. शेवटी मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक कुणी चाखत नाही, वासही घेत नाहीत. आई आमटीला आलेला तवंग बघते, डावावरून पडणारी धार बघते आणि मीठ हाताच्या अंदाजाने टाकते. हे त्यांना एकदम पटलं. "मग तुला येतंय की," म्हणाल्या, आणि तिथून पुढे चवीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. ट्रे कलंडवला की मिश्रण आळसावून मागून यायला हवं. घट्ट गोळा सरकला तर अळणी कमी. आपल्याला बरोबर वाटेल त्याहून ते सैलच हवं, आंबोळीच्या पिठाच्याही पुढे. सेज हातावर चुरून टाकायचा आणि बोटांना वास राहिला की थांबायचं. भाजल्यावर कडा सोनेरी, पण मधोमध किंचित थरथर हवी.

२०२०ला कोविडमुळे कुणी जमलं नाही. मी घरी चार वेळा केलं, नवऱ्याने चार वेळा खाल्लं. मिठाचा प्रश्न नऊ वर्षांच्या भाच्याने सोडवला. त्याला मी अंडी घालायच्या आधी एक चमचा देते, कच्चं अंडं पोरांना नको म्हणून. तो डोळे मिटून 'अजून' किंवा 'झालं' म्हणतो. पगार म्हणून लेन केकचा जादा तुकडा. हा केक अलाबामातल्या क्लेटन गावच्या एमा रायलँडर लेन यांनी १८९८ साली छापून प्रसिद्ध केला. त्याच्या सारणात बर्बन असते, आणि दारूला शिवत नाही म्हणणारं माझं बॅप्टिस्ट सासर तो केक दोनदा वाढून घेतं. पोराच्या वाट्याला केकची कड येते.

माझा खरा अंदाज चुकला तो चवळीत. १ जानेवारीला इथे चवळी, कोलार्डचा पाला आणि मक्याचा पाव खातात: चवळी नशिबासाठी, पाला नोटांसाठी, पाव सोन्यासाठी. ही चवळी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर इथे आली. आमच्या टेबलावर ते फारसं कुणी बोलत नाही. मला वाटलं, चवळी तर आपलीच. गोडा मसाला, ओलं खोबरं, गूळ घालून उसळ केली. सगळ्यांनी शकुनापुरता एकेक चमचा घेतला आणि डुकराच्या गालाच्या तुकड्यांत शिजलेल्या दुसऱ्या पातेल्याकडे वळले. हरकत नाही. आता मी ती आमच्या दोघांपुरतीच करते.

२०२१च्या थँक्सगिव्हिंगला ड्रेसिंग टेबलावर ठेवलं आणि मी अंगणात निघून गेले. बघवेना. थोड्या वेळाने 'डिफरंट'वाले काका ताटली घेऊन पायरीवर आले. ग्रेव्ही नव्हती. मी विचारलं, कसं झालंय? ते खात खातच म्हणाले, "ड्रेसिंगसारखं लागतंय," आणि आणखी आणायला आत गेले.

आत आत्याने चमचा ट्रेच्या मधोमध खुपसून तळ बघितला, मान हलवली. मॉमॉने कडेचा तुकडा मागितला. मी माझ्या ताटलीत रताळी वाढून घेतली, पेकानवाली.