मे महिन्यातला चांदसैली घाट आणि पुढच्या ॲडव्हेंचर गाड्यांकडून अपेक्षा

ॲडव्हेंचर मोटारसायकलींच्या, म्हणजे खडबडीत रस्त्यांवरच्या लांब प्रवासासाठी बनवलेल्या गाड्यांच्या, जाहिरातींत बर्फ असतो, लडाखचा निळा तलाव असतो आणि जाड जॅकेट घातलेला स्वार असतो. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सातपुड्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढणारा स्वार त्यांत कधीच दिसत नाही. गाडी घेताना विक्रेत्याने मला छातीठोकपणे सांगितले होते की लिक्विड कूलिंग (द्रवाने इंजिन थंड ठेवण्याची सोय) असल्यामुळे उन्हाळ्याची चिंता करण्याचे कारणच नाही. नंदुरबार जिल्ह्यातला चांदसैली घाट चढून आल्यावर त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आणि दुसरा अर्धा खोटा असल्याचे मी खात्रीने सांगू शकतो. इंजिन वाचते, स्वार भाजतो.

मार्ग असा होता: जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा, तिथून तोरणमाळ, पुन्हा खाली उतरून तळोदा, आणि कोठारवरून चांदसैली घाटाने धडगाव. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे वर पोहोचल्यावर हवा सुसह्य होते. सात पायरी घाटाची वळणे तीव्र असली तरी ज्याला गाडी हाताळता येते त्याला त्यांत विशेष काही नाही. यशवंत तलावाकाठचा मुक्काम उत्तम झाला, एवढे त्याबद्दल पुरे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचा चोपडा ते शिरपूर हा भाग खड्ड्यांसाठी जुनाच प्रसिद्ध आहे. तो उजाडण्यापूर्वी पार करू नये, कारण डांबराचा काळा तुकडा आणि खड्ड्याची सावली यांतला फरक हेडलाइटमध्ये कळत नाही.

खरा प्रश्न चांदसैलीचा आहे. तळोद्यात आम्हाला सांगण्यात आले की रस्ता आता गुळगुळीत आहे आणि तासाभरात धडगाव गाठाल. सरळ भाग खरोखरच बरे निघाले, परंतु वळणांवर डोंगरातून सुटलेली खडी पसरलेली होती, काही ठिकाणी कठड्यांचा पत्ता नव्हता, आणि चढ इतका सलग होता की वेग ताशी 15 किलोमीटरच्या वर जाईना. अशा वेगात रेडिएटरला, म्हणजे इंजिनातला गरम द्रव थंड करणाऱ्या जाळीला, समोरून वारा मिळत नाही. मग पंखा सुरू होतो, आणि रेडिएटरमधून ओढलेली गरम हवा थेट नडग्यांवर व मांड्यांच्या आतल्या बाजूवर येऊन आदळते. भर म्हणजे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक मानक लागू झाल्यानंतर बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) इंजिनाच्या अगदी जवळ आला, कारण तो लवकर तापला तरच धूर लवकर स्वच्छ करतो. नियम योग्य आहे, पण त्याची धग उजव्या घोट्यापाशी जाणवते आणि जाड बूट घातले तरी ती संपत नाही. माझ्यासोबतच्या मित्राची गाडी साध्या एअर कूलिंगची, जुनी आणि कमी ताकदीची होती. घाटात तो माझ्यामागे राहिला, मात्र त्याच्या पायांना माझ्याइतका त्रास झाला नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

म्हणून येणाऱ्या मॉडेलांकडून माझी पहिली मागणी अधिक अश्वशक्तीची मुळीच नाही. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना असे आवरण हवे की पंख्याची हवा स्वाराच्या पायांवर न येता खाली आणि बाहेर फेकली जाईल. सायलेन्सरच्या वरच्या भागाला बाजारातून आणून गुंडाळावी लागणारी पट्टी नको, कारखान्यातूनच बसवलेले दुहेरी उष्णतारोधक कवच हवे. काळी सीट उन्हात अर्धा तास उभी राहिली की तिच्यावर बसणे अशक्य होते. उष्णता कमी शोषणारे कापड काही अवघड तंत्रज्ञान नव्हे. स्पीडोमीटरच्या रंगीत पडद्याबाबतही हेच म्हणावे लागेल: दुपारी बारा वाजता शिरपूरजवळ मला माझ्या गाडीचा वेग वाचता आला नाही. जी कंपनी आपली गाडी मे महिन्यात भुसावळ ते धडगाव, मागे माणूस आणि सामान घेऊन चालवून पाहील, तिची गाडी मी डोळे झाकून घेईन.

दुसरी मागणी चाकांची. धडगावहून उतरताना मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. चाके स्पोकची, म्हणजे तारांच्या आऱ्यांची, आत ट्यूब. ट्यूबलेस टायर असता तर काटा काढून भोकात रबरी दोरी भरायला दहा मिनिटे लागली असती. इथे चाक उतरवणे, टायर रिमवरून सोडवणे, ट्यूब ठिगळणे आणि पुन्हा सगळे बसवणे असा प्रकार झाला. "हाई काम तासभरनं शे, दादा," असे म्हणत रस्त्याकाठच्या दुकानदाराने आधी काम सुरू केले आणि शेवटी सातशे रुपये सांगितले. मोठ्या गाडीचे चाक म्हणून एवढे, हे त्याचे कारण. हा दर अन्यायाचा आहे, आणि चाक उतरवण्यापूर्वीच रक्कम ठरवून घ्यावी, हे मी पुढे जाणाऱ्यांना आग्रहाने सांगतो. पण दुकानदारापेक्षा माझा राग डिझाइनवर अधिक आहे. स्पोकची चाके खड्ड्यांत टिकतात हे मान्य, मात्र ट्यूबलेस स्पोक ही आता अप्राप्य वस्तू उरलेली नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 ला आरंभी ट्यूबचीच चाके होती. पुढच्या वर्षी ट्यूबलेस स्पोकचा पर्याय मिळाला. हा पर्याय स्वस्त गाड्यांपर्यंत यायला हवा, कारण काटा गाडीची किंमत पाहून टोचत नाही.

एबीएसविषयी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेविषयी, स्पष्टच सांगतो. 125 सीसीवरील सर्व दुचाकींना ते 1 एप्रिल 2019 पासून बंधनकारक आहे, आणि डांबरावर त्याने जीव वाचतात. खडीच्या उतारावर मात्र मागचे चाक किंचित लॉक होऊन खडीत रुतणेच उपयोगाचे असते. एबीएस ते होऊ देत नाही आणि गाडी थांबायला अधिक अंतर घेते. मागचा एबीएस बंद करण्याचे बटण प्रत्येक ॲडव्हेंचर गाडीत हवे, तेही हातमोजे घालून दाबता येईल असे. तीन मेन्यूंच्या आत दडवलेले नको. पुढचा एबीएस कधीही बंद करू नये.

वजनाचा मुद्दाही चांदसैलीनेच पटवला. हिमालयन 450 सुमारे 196 किलोची आहे, तर 2025 मध्ये आलेली हिरोची एक्सपल्स 210 सुमारे 170 किलोची. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण उन्हात खडीवर आडवी पडलेली गाडी उचलताना तेवढ्या किलोंचा अर्थ कळतो. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर 18 टक्के आणि त्यावरील दुचाकींवर 40 टक्के जीएसटी लागतो. तेव्हा कंपन्यांनी आपली सगळी हुशारी या मर्यादेखालच्या, दीडशे-एकशे साठ किलोंच्या, चांगले सस्पेन्शन असलेल्या गाडीवर खर्च करावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. खान्देशातल्या घाटांना चाळीस अश्वशक्ती लागत नाही.

तोवर ज्यांना जायचेच आहे त्यांनी तळोदा पहाटे पाचला सोडावे आणि नऊच्या आत घाट संपवावा. पेट्रोल शहाद्यात किंवा तळोद्यात पूर्ण भरावे, माणशी किमान चार लिटर पाणी जवळ ठेवावे. गाडी तापल्याचा दिवा लागला तर सावलीत थांबून हँडलवरच्या बटणाने इंजिन बंद करावे, पण पंखा चालू राहावा म्हणून चावी 'ऑन'वरच ठेवावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, आत दाबाखाली उकळते कूलंट असते. उतारावर नुसत्या ब्रेकवर विसंबू नये, दुसऱ्या गिअरच्या ओढीवर गाडी खाली आणावी. आणि पावसाळ्यात दरडी कोसळून हा घाट बंद पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात निघण्याआधी आदल्या दिवशी धडगावच्या एसटी बसची फेरी गेली का, याची तळोद्याच्या बसस्थानकावर चौकशी करावी. बस गेली नसेल तर आपणही जाऊ नये.