शिजियाझुआंगला शेवंती घेऊन

माझ्या सासूबाई सोलापूरच्या. गेल्या वसंतात त्या पहिल्यांदाच आमच्याकडे सुझौला आल्या आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "कोटणीसांची समाधी इथून किती लांब आहे गं?" मला उत्तर देता आलं नाही. चीनमध्ये चार वर्षं राहून आम्ही बीजिंग केलं, ग्वेलिनच्या डोंगरांत बांबूच्या तराफ्यावर फिरलो, हार्बिनचा बर्फ पाहिला, पण युद्धात चीनच्या मदतीला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस कुठे विसावलेत हे कधी शोधलं नव्हतं. त्या संध्याकाळी नकाशा उघडला. हबे प्रांताची राजधानी शिजियाझुआंग, सुझौहून वेगवान गाडीने साधारण सहा तास.

एप्रिलच्या सुरुवातीला मुलांना सुट्टी होती. आखणी अशी केली: सुझौ ते शिजियाझुआंग, तिथून पश्चिमेला पिंगयाओ हे जुनं तटबंदीचं गाव, मग शिआन आणि परत. आठ दिवस, पाच माणसं: आई (म्हणजे सासूबाई, वय ६८), आम्ही दोघं, अकरा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा मुलगा. सगळे शाकाहारी, मुलं अंडं खातात, आई तेही नाही. एवढ्या लोकांना एवढ्या गाड्यांतून नेताना जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण ही वाट आणखी मराठी कुटुंबांनी धरावी असं मला मनापासून वाटतं.

आधी तिकिटं. रेल्वेच्या १२३०६ या अॅपवर तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं. कागदी तिकीट नसतंच, पासपोर्ट हेच तिकीट. आरक्षण पंधरा दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत चांगल्या वेळांच्या गाड्या भराभर भरतात. मुलांचं तिकीट २०२३ पासून उंचीवर नाही, वयावर आहे: सहा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट पण जागेविना, सहा ते चौदा अर्ध्या दरात.

आमची चूक इथेच झाली. मुलाचा पासपोर्ट मधल्या काळात नवीन काढला होता आणि अॅपमध्ये जुनाच नंबर राहिला होता. सुझौ उत्तर स्थानकावर चौघं फाटकातून आत गेले आणि तो एकटा बाहेर राहिला. तो रडायला लागला, मागे रांग, गाडी सुटायला नऊ मिनिटं. आम्ही सगळे परत बाहेर आलो आणि ती गाडी गेली. खिडकीवरच्या बाईंनी मात्र पाचही तिकिटं त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीवर बदलून दिली आणि मुलाच्या हातात एक गोळी ठेवली. लक्षात ठेवण्यासारखं हे की गाडी चुकली तरी त्याच दिवशीच्या दुसऱ्या गाडीत, जागा असल्यास, तिकीट बदलून मिळतं; घाबरून नवं काढू नका. आणि निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येकाचा पासपोर्ट हातात धरून नंबर ताडून पाहा. स्थानकावर तासभर आधी पोचा. सामान यंत्रातून जातं, चाकू-कात्री काढून घेतात, आणि परदेशी पासपोर्टवाल्यांना बऱ्याचदा माणूस बसलेल्या बाजूच्या फाटकातूनच जावं लागतं.

गाडीत बसल्यावर सगळं सोपं. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यामुळे पाकिटातले पोहे आणि उपमा होतो. आईंनी सोलापूरहून आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी काढली. समोरच्या आजोबांना तुकडा दिला, त्यांनी आम्हाला छिंगथ्वान दिले. हे तांदळाचे हिरवे गोळे या दिवसांत येणाऱ्या सणाला आमच्या सुझौकडे घरोघरी खातात. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. पुष्कळ ठिकाणी त्यात डुकराची चरबी घालतात, तेव्हा विचारून घ्यावेत. आजोबांनी पाकीट उलटं करून वाचून दाखवलं आणि मग आईंनी खाल्ला.

सण होता छिंगमिंगचा. ४ किंवा ५ एप्रिलला येतो. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, गवत काढतात, झाडलोट करतात, फुलं वाहतात. लेकीने आजीला समजावून सांगितल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे यांचा पितृपक्षच की, एका दिवसाचा." आमची तारीख ठरवून निवडलेली नव्हती, सुट्टीमुळे जुळून आली.

शिजियाझुआंग हे उद्योगांचं शहर आहे, पर्यटक इथे मुद्दाम थांबत नाहीत. मुख्य स्थानकावरून मेट्रोची ३ नंबरची लाइन, शिनपाय चौकात १ नंबरची, आणि ल्येशृ लिंगयुआन, म्हणजे हुतात्मा स्मशानभूमी, याच नावाचं स्थानक. तिथे उतरायचं. प्रवेशाला पैसे नाहीत, पासपोर्ट मात्र जवळ हवा. स्थानकाबाहेर बायका फुलं विकत बसल्या होत्या. पिवळी आणि पांढरी शेवंती! चीनमध्ये मृतांना शेवंती वाहतात हे मला ठाऊक होतं, पण आईंना ते पाहून भरून आलं. सोलापुरातल्या त्यांच्या घरी देवाला रोज हीच फुलं असतात. आम्ही पाच जुड्या घेतल्या.

आत सरूच्या रांगा, लाल रुमाल बांधलेली शाळकरी मुलं, शिक्षकांचे ध्वनिवर्धक. कॅनडाहून चीनच्या मदतीला आलेले डॉ. नॉर्मन बेथ्यून आणि आपले कोटणीस, दोघंही इथेच आहेत. कोटणीसांच्या पुतळ्यापुढे आधीच फुलांचा ढीग होता. कुणी तरी वाहून गेलं होतं, त्यात एकही भारतीय नसावा.

१९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. जपानशी युद्ध चालू होतं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. त्यातले चोळकर नागपूरचे आणि कोटणीस सोलापूरचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’ जोडलं. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस झाले ख दीह्वा. वडील गेल्याची बातमी त्यांना इथे कळली, तरी ते परतले नाहीत. पुढे बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा: यिन भारताचा, ह्वा चीनचा. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस गेले. वय बत्तीस.

प्रदर्शनात छायाचित्रं आहेत, शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत, आणि बोटीवर येताना त्यांनी चिनी शब्द शिकण्यासाठी केलेली वही आहे. माझी लेक त्या काचेपाशी बराच वेळ उभी राहिली. तिलाही पहिल्या वर्षी शाळेत अशीच वही करावी लागली होती. आई पुतळ्याजवळ खाली बसल्या आणि हळू आवाजात मराठीत बोलत राहिल्या. भैय्या चौकाजवळचं तुमचं घर आता स्मारक झालंय, असं काहीसं त्या सांगत होत्या. मी ऐकायचं टाळलं. तेवढ्यात एका शाळेची रांग आली. शिक्षिकेने आम्ही कुठले ते विचारलं. "यिंदू", म्हणजे भारत, म्हटल्यावर आणि मग पुतळ्याकडे बोट दाखवून "एकाच गावच्या" असं लेकीने चिनीत सांगितल्यावर त्या बाईंनी सगळ्या मुलांना थांबवलं. चाळीस मुलांनी आईंना वाकून नमस्कार केला. आईंनी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावता येणार नाही म्हणून लांबूनच दोन्ही हात उचलले.

इथे अर्धा दिवस राखून ठेवा. शक्यतो छिंगमिंगलाच या. गर्दी असते, पण या दिवशी ही जागा जिवंत असते.

भाषेचं थोडं. पाट्यांवर रोमन लिपीत जे उच्चार लिहिलेले असतात ते आपल्याला फसवतात. देवनागरीत लिहून घ्या, फार मदत होते. चिनीत प-फ, त-थ, क-ख हा आपलाच भेद आहे. आणि ‘चाक’ किंवा ‘चोर’ मधला जो दंत्य च आहे तो तर त्यांच्याकडे जसाच्या तसा आहे. निरोप घेताना ‘चाय च्येन’ म्हणायचं, पहिला च चाकातला. शाकाहाऱ्यांनी पाठ करायचं वाक्य: "वो छृ सू, पू याओ रोउ." मी शाकाहारी आहे, मांस नको. पण तेवढ्यावर थांबू नका. कोंबडीचं पाणी आणि चरबी त्यांच्या हिशेबात मांस धरतीलच असं नाही. फोनमध्ये चिनी अक्षरांत सविस्तर लिहून ठेवा आणि ते स्वयंपाक्यालाच दाखवायला सांगा. मागण्यासारखं काय? उत्तरेत ती सान शियन, म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची भाजी. व्हिनेगर घातलेला बटाट्याचा कीस. कोरड्या परतलेल्या शेंगा. आई आठही दिवस यावर आणि भातावर राहिल्या, वर चटणी होतीच.

शिजियाझुआंगहून पिंगयाओला जाताना गाडी थायहांग डोंगर ओलांडते, म्हणजे त्याच्या पोटातून जाते. बोगदा जवळजवळ २८ किलोमीटरचा आहे. याच रांगेत, जरा उत्तरेला, कोटणीस खेचरांवरून औषधं घेऊन फिरत होते. आम्ही काही मिनिटांत पार.

पिंगयाओ पाहून आईंना पुण्याचे जुने वाडे आठवले. चौकाभोवती खोल्या, चौकात झाड, वर करड्या कौलांची पाखी. अशाच एका वाड्यात आम्ही राहिलो, ‘खांग’वर झोपलो. खांग म्हणजे विटांचा रुंद ओटा, पूर्वी खालून चुलीच्या धुराने तापायचा. पाचही जण एका ओट्यावर मावलो. एप्रिलमध्ये रात्री बोचरी थंडी असते, स्वेटर लागतोच. गावाभोवतीची सहा किलोमीटरची भिंत शाबूत आहे आणि गावात फिरायला तिकीट नाही. भिंतीवर चढायला आणि आतले वाडे पाहायला एकच जोडतिकीट मिळतं. वेगवान गाड्यांचं स्थानक गावापासून बरंच लांब आहे, तेव्हा राहायच्या ठिकाणाला सांगून ठेवलं की गाडी पाठवतात. बुक करण्याआधी परदेशी पासपोर्ट घेता ना, एवढं फोन करून विचारा. छोट्या गावांत काही ठिकाणी त्यांना नोंदणी कशी करायची तेच माहीत नसतं, आणि रात्री आजी-मुलांसह दुसरी जागा शोधणं नको.

तिथलं ऱृशंगछांग चुकवू नका. १८२३ मध्ये सुरू झालेली ही पेढी. एका गावी चांदी भरायची, कागद घ्यायचा, दुसऱ्या गावी तो दाखवून चांदी घ्यायची. नवऱ्याने मुलांना दहा मिनिटं समजावलं आणि आई म्हणाल्या, "अरे, हुंडी!" खोट्या हुंड्या ओळखता याव्यात म्हणून तारखा आणि रकमा ते सांकेतिक अक्षरांत लिहीत.

शिआनच्या मातीच्या सैन्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळेल. तिकीट पासपोर्टवर आधीच काढा आणि सकाळी उघडताक्षणी आत जा, एवढंच सांगते. आम्ही दुपारी गेलो आणि मुलाला खांद्यावर घेऊनही काही दिसेना. त्यापेक्षा शहराची भिंत छान: १३.७ किलोमीटर, वर इतकी रुंद की भाड्याच्या सायकली चालतात. मुस्लिम मोहल्ल्यात डुकराचं मांस नसतं, त्यामुळे आईंना तिथे बसून खायला बरं वाटलं. ल्यांगफी मागवा. गार शेवया, काकडी, व्हिनेगर, तिखटाचं तेल.

मला मात्र शिआनमध्ये रानहंसांच्या मोठ्या पॅगोड्याची ओढ होती. ह्युएन त्सांगने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये तो उभा राहिला. हा माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि त्याने इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं: स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर सूड घेतात, पण शत्रूला आधी कळवून. डोंगरात कोरलेल्या मठाचं वर्णनही केलं आहे, ते अजिंठ्याचं मानतात. पॅगोड्याच्या अंगणात बाकावर बसून मी हे सगळं मुलांना सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणजे तो आपल्याकडे येऊन परत आला, आणि कोटणीस इकडे येऊन राहिले." आई पायऱ्या चढणार नव्हत्या, त्यांनी पिशवीतून उरलेली शेवंतीची एक जुडी काढली, कोमेजलेली, आणि ह्युएन त्सांगच्या पुतळ्यापाशी ठेवायला नातवाच्या हातात दिली.

परतीचं तिकीट सुट्टीच्या शेवटच्या दिवशीचं काढू नका. आम्ही एक दिवस जास्त राहिलो आणि रिकाम्या डब्यातून आलो. भारतातून नुसतं फिरायला येत असाल तर पैसे देण्याच्या अॅपला घरूनच कार्ड जोडा, तरी थोडी रोकड ठेवा. गुगलचे नकाशे इथे भरवशाचे नाहीत, गाओद हे चिनी नकाशांचं अॅप वापरा. आणि भारतातल्या सिमचं रोमिंग चालू ठेवलंत तर व्हॉट्सअॅप चालतं. नातेवाईकांच्या घरी उतरणार असाल तर चोवीस तासांत पोलीस चौकीत नोंद करावी लागते. आईंची आम्ही पहिल्याच दिवशी केली होती. शिआनच्या हॉटेलात त्यांनी पासपोर्ट काउंटरवर ठेवला तेव्हा जन्मस्थळ वाचायचा प्रयत्न करणाऱ्या मुलीला त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं: सो-ला-पूर.