बायसन, अपडेट सात: मिग नांदेडला शाबूत पोचलं, पण...

पोचलं! तिसऱ्या खेपेला का होईना, माझं चाचणीचं मिग-२१ विमानाचं प्लास्टिक मॉडेल पोचलं. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. ट्रॅव्हल्सच्या डिकीत, मे महिन्याच्या भर दुपारी. नांदेडकराने (तिथला माझा मित्र) खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवला, तो मी सात वेळा पाहिला. तिन्ही पाय जागेवर. सगळे अँटेना जागेवर. पोटाखालचा फिन जागेवर. मिग त्याच्या डायनिंग टेबलावर स्वतःच्या पायांवर उभं आहे आणि मागे वाटीत कैरीची चटणी दिसते.

मागची अपडेट्स वाचलेल्यांना ठाऊक आहे की १/४८ मापाचं बायसन, म्हणजे मिग-२१ चं आपल्याकडचं शेवटचं सुधारित रूप, होळीच्या आधीच जोडून संपलं. रंग, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), मॅट कोट (वरचा बिनचकाकीचा थर), सगळं झालं. त्यावर आता बोलायचं नाही, एक्झॉस्टबद्दल तर अजिबातच नाही. राहिला होता तो विकण्याचा प्रश्न आणि त्यानेच दोन महिने खाल्ले.

हिशोब एकदा मांडतो. एडुआर्ड कंपनीचं मिग-२१ बिसचं किट, प्रोफिपॅक आवृत्ती, मला ५,५०० ला पडलं. बायसनचे रेझिन पार्ट आणि आपल्या हवाई दलाचे डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) मिळून २,५००. रंग, सँडिंग स्टिक, कंप्रेसरची वीज मी धरतच नाही. म्हणजे ८,०००. असंच दुसरं बिस माझ्या कपाटात बंद पडून आहे, पिशव्यासुद्धा फोडलेल्या नाहीत. ते ६,००० ला घ्यायला दोघे जण आज तयार आहेत. आणि जोडलेल्या, रंगवलेल्या बायसनला पुण्याच्या ग्राहकाने भाव लावला ४,५००. थोडक्यात माझ्या पाच महिन्यांच्या संध्याकाळींची किंमत उणे साडेतीन हजार.

राग आला, पण फोन लावून विचारलं. गडी सरळ होता. म्हणाला, "काम आवडलंय हो. पण मागच्या वर्षी एक जोडलेलं मागवलं होतं, खोक्यातून परत किट निघालं." आणि पुढे म्हणाला, की आहे तसं हातात पडलं तर ९,००० देतो. निम्मे आधी, निम्मे खोकं उघडल्यावर.

हे ऐकलं आणि डोक्यात लख्ख झालं. मधले साडेचार हजार ना माझ्या एअरब्रशचे, ना डेकल्सचे. ते रस्त्याचे आहेत. न जोडलेलं किट कसंही फेका, फार तर खोक्याचा कोपरा चेपतो. जोडलेल्या मॉडेलला प्रवास झेपत नाही, म्हणून घेणारा त्या भीतीचे पैसे आधीच कापून घेतो. मग ठरवलं, की विकायच्या आधी पॅकिंग जिंकायचं.

मागणी आत्ता आहे, हे उघडच आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हापासून मला आलेल्या विचारणांत दहातल्या आठ बायसनच्या. १९६३ ला आलेलं विमान, आपल्याच राज्यात ओझरला वर्षानुवर्षं बनलेलं, आणि लोकांना हवं फक्त शेवटचं रूप. एफएल, म्हणजे मिग-२१ चं जुनं रूप, कोणी मागत नाही. अहो, ७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट टाकली ती एफएलनीच! असो. बाजार इतिहासाला भाव देत नाही.

आता खेपा. चाचणीला अर्थातच विकायचं बायसन वापरलं नाही. माझं पहिलं मिग, ते सीम लाइन (जोडाची रेघ) दिसणारं, ते बळीचा बकरा. लांबी पिटोसकट (नाकावरची सुई) साधारण फूटभर, पंखांचा पसारा जेमतेम पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वजन नि माप बायसनसारखंच. नांदेडकराचा मुलगा इथे लातूरला नीटच्या क्लासला आहे, तो गावी जाऊन येताना मॉडेल मांडीवर घेऊन परत आणतो. आधीच्या दोन्ही वेळा मांडीवरून आणखी काही न मोडता आलं. पुण्यालाही मांडीवर न्यायचं ना, असं बायको म्हणाली. पण जाऊन यायचं भाडं, एक दिवसाची रजा, आणि पुढचा ग्राहक गुवाहाटीचा निघाला तर?

पहिली खेप बबल रॅप आणि थर्माकोलच्या चुऱ्याची. तुम्ही हसाल, हसा. पिटो मोडली, डावा पाय निखळला, हे अपेक्षितच. पण खरा धक्का पंखांवर होता. डिकीत एवढं तापलं की बबल रॅपचे फुगे मॅट कोटवर उमटले. इडलीपात्राचे खळगे असावेत तसे डाव्या पंखभर गोल गोल चकचकीत ठसे. दोन वेळा मॅट मारला तरी तिरक्या उजेडात अजून दिसतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात रंगाला बबल रॅप लावू नका, एवढं माझ्याकडून लिहून घ्या.

दुसऱ्या खेपेला मी हुशार झालो. गंजगोलाईत चप्पल-बुटांच्या सामानाच्या दुकानात सोलचं इव्हा फोम शीटवर मिळतं, जाड, घट्ट, स्वस्त. त्यात मिगच्या आकाराचा खळगा कापला, वरून तसाच दुसरा, सँडविच. हलवून पाहिलं तर आतून आवाज नाही. स्वतःवर खूष. नांदेडला पोचलं, पिटो शाबूत, पंख शाबूत, आणि बाहेर काढताना तीन ब्लेड अँटेना फोममध्येच राहिले. पुढच्या पायाचं दार तर खळग्याच्या तळाशी सापडलं. नांदेडकर म्हणाला, "हे काय पाठवायलास रे, प्रवासात काही झालं नाही, मी काढतानाच मोडलं." त्याला वाईट वाटलं, चूक माझी. फोमने प्रत्येक बारीक पार्ट पकडून ठेवला होता.

तिथे कळलं, की बारीक पार्टला काहीही टेकता कामा नये आणि मॉडेल पायांवरही उभं राहता कामा नये. खड्ड्यात आदळताना सगळं वजन त्या काडीएवढ्या पायांवर येतं. पकडायचं ते फक्त जाड्या जागी, पंख धडाला मिळतात तिथे आणि एक्झॉस्टच्या थोडं पुढे. बाकी सगळं हवेत.

मग तिसरी खेप. खाली सहा मिलिमीटरचं प्लाय. त्यावर फोमचे दोन ठोकळे, पोटाच्या गोलाईला घासून बसवलेले, वरून बटर पेपर, म्हणजे रंग फोमला चिकटत नाही. पाय प्लायपासून बोटभर वर लोंबकळतात. आणि मॉडेल ठोकळ्याला बांधायला, बसले असाल तर सांगतो, परकराची नाडी. रबर बँड उन्हात चिकटतं, झिप टाय कडा कापते, रिबन घसरते. नाडी चपटी, सुती, गाठ सुटत नाही आणि हवी तेव्हा ओढली की सुटते. पंखांच्या मुळांवरून एक फेरा, शेपटीपुढे एक. प्लाय आतल्या खोक्यात स्क्रूने पक्कं. आतलं खोकं बाहेरच्या खोक्यात तरंगतं, आणि मधल्या जागेत फळवाले आंब्याला घालतात त्या फोमच्या जाळ्या. फळवाल्याने पिशवीभर फुकट दिल्या, वर विचारलं, "केशर पाठवताय का?"

पिटोचं वेगळं प्रकरण आहे. मिगच्या नाकावरची ती लांब सुई प्लास्टिकची असेल तर ती मोडणारच, कधी एवढाच प्रश्न. पोलंडच्या मास्टर कंपनीची पितळी पिटो सुंदर असते, टोकाचा निमुळतेपणा हाताने जमणारच नाही, पण पितळ वाकलं की वाकलं. मी काढता येणारी केली. मेडिकलमधून इंजेक्शनच्या सुया आणल्या. पिवळ्या टोपीची २० गेज नाकात कायमची बसवली, ती झाली खोबण. जांभळ्या टोपीची २४ गेज तिच्यात सरकते, आणि तिच्यात पुढे इन्सुलिनची ३१ गेज. तीन सुया एकात एक जेमतेम जातात, दुर्बिणीच्या नळ्यांसारख्या. कापताना पक्कड लावू नका, तोंड चेपतं. काचेवर ठेवून पात्याखाली गोल फिरवत खाच पाडायची आणि मोडायची. मेडिकलवाल्याने तीन वेगवेगळ्या गेजच्या दोन दोन सुया मागणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेने पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

तर तिसऱ्या खेपेला पिटो काढून छोट्या काचेच्या बाटलीत, बाटली खोक्याच्या कोपऱ्यात. आणि वर लिहिलंच आहे, पोचलं!

मधल्या काळात कपाटातला साठाही चाळला, कारण बंद किट म्हणजे एफडी असं मानणारे आपल्यात बरेच आहेत. मीही त्यातलाच. आता वाटतं, भाव येईल म्हणून सोयाबीन घरात ठेवणारा शेतकरी आणि किटांचा स्टॅश (साठा) करून बसणारे आपण सारखेच. कधी येतो भाव, कधी येत नाही, आणि मध्ये मालच बिघडतो. तामियाचं जुनं १/३५ स्टुअर्ट रणगाड्याचं किट बारा वर्षं बंद होतं. ते विकून रंगांचा खर्च काढणार होतो. उघडलं तर व्हिनाइलचे ट्रॅक फेंडरवर टेकून राहिलेले, आणि टेकले तिथे प्लास्टिक खाल्लेलं, वितळलेल्या गुळासारखं. कंपनीचा दोष नाही, मऊ व्हिनाइल पॉलिस्टायरिनला लागून राहिलं की हे होतंच, वर आमचा पत्र्याखालचा उन्हाळा. ट्रॅक आजच वेगळ्या पिशवीत घाला, दुसरं काही करू नका.

आणि एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं जुनं किट. बंद आहे, खोक्यावर चित्रकार रॉय क्रॉसचं चित्र, म्हणून तीन हजार धरून बसलो होतो. ग्राहकाने विचारलं, एअरफिक्सच्याच व्हिंटेज क्लासिक्स मालिकेत तेच मोल्ड (साचा) परत आलंय, मग मी जुनं का घेऊ? गप्प बसलो. आता भाव लावायच्या आधी स्केलमेट्स या साइटवर किटची वंशावळ बघतो, मोल्ड कुणाचं, किती वेळा परत निघालं. ज्याला फक्त जोडायचंय तो नवं खोकं घेतो. जुन्याचे पैसे चित्रावर प्रेम असलेलाच देतो, आणि तो कोपरे भिंगाने पाहतो.

सगळ्यात वाईट अवस्था मात्र अर्धवट जोडलेल्याची. कॉकपिट चिकटवून सोडलेली माझी दोन किट्स कोणी निम्म्यानेही घेईना. न बंद, न पूर्ण, आणि समोरच्याला तुमच्या गोंदावर विश्वास नाही.

एक आनंदाची गोष्ट. त्याच एअरफिक्सचे डेकल्स चहासारखे पिवळे पडले होते. झिपच्या पिशवीत घालून दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला चिकटवले. कुठल्या थंड देशात याला महिना लागतो म्हणतात. लातूरच्या उन्हाने नऊ दिवसांत पांढरे केले. आपल्या उन्हाचा कुठेतरी उपयोग! एक नको असलेला डेकल पाण्यात टाकून पाहिला, तर त्याचे तुकडे झाले, म्हणून उरलेल्यांवर ग्लॉस क्लिअर मारलाय. विकताना हे लपवायचं नाही, असं ठरवलंय. घेणारे आता डेकलचा फोटो आधी मागतात, अडत्याने सोयाबीनमध्ये मॉइश्चरचं यंत्र खुपसावं तसे.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. पिटो काढता येते, तर पंख का नाही? कपाटातलं बंद बिस ६,००० ला विकणार होतो, ते आता थांबवतोय. त्याचे पंख ३ मिमी व्यासाच्या, १ मिमी जाड मॅग्नेटवर बसवून पाहायचे. खोकं निम्म्या रुंदीचं होईल, आणि घेणाऱ्याला शेवटचं जोडण्याचं समाधानही.

थांबा, पण मिगचे मागचे पाय पंखातूनच निघतात. म्हणजे उभं राहिल्यावर अख्खं वजन मॅग्नेटवर. ओढ सहन करेल, पण पंख मुळाशी खाली झुकतील. मग बरोबर पितळी पिन हवी, दर पंखाला दोन, नाहीतर या पंखापासून त्या पंखापर्यंत आरपार नळी, पिटोसारखीच, फक्त जाड. १८ गेज? आणि मुळाशी केसाएवढी फट दिसेल ती वेगळीच. नऊ हजार देणारा ती फट चालवून घेईल का, हे त्याला विचारूनच पंख कापतो. स्टुअर्ट आता विकत नाहीच. खाल्लेला फेंडर चिखलाखाली जाईल आणि नळदुर्गच्या बोरी पुलाचा डायोरामा (छोटा देखावा) होईल. १३ सप्टेंबर १९४८, हैदराबादवरच्या पोलीस कारवाईची सकाळ. मुक्तिसंग्राम दिनाच्या, १७ सप्टेंबरच्या आत झाला तर झाला.

बायसन सोमवारी पुण्याला रवाना करणार होतो. प्लाय कापून तयार, नाड्या दोन नवीन आणल्या. आत्ताच नांदेडकराचा मेसेज आला. मिगचा नाकासकट फोटो काढ म्हणालो होतो, तर पिटो नाही. बाटली त्याच्या आईने कचऱ्यात टाकली. वापरलेली सुई घरात ठेवू नये म्हणाल्या.

रवानगी बुधवारवर. बाटलीवर लेबल लावतो, आणि पिटो दोन करतो.